रिकाम्या दावणीचा पोळा

पोळ्याच्या सकाळी विजयमालाबाईंच्या तव्यावर पहिली पुरणपोळी पडली आणि फोन वाजला. बोरवस्तीची पोलीस पाटील म्हटलं की हे आलंच. लोकांची भांडणं बाईंचा तवा तापायचीच वाट बघत असतात.

"माले, लवकर धक्क्यावर ये," पलीकडून साखराबाई ओरडत होती. "बोटीची बॅटरी गेली!"

"गेली म्हणजे? बंद पडली?"

"बंद कशाची! पेटीच रिकामी हाय. मी सोताच्या डोळ्यानं बघितली. दूध घेऊन उभी हाय मी हितं!"

विजयमालाबाईंनी गॅस बंद केला, पोळी तव्यावरच राहू दिली आणि तशाच निघाल्या. हाताला पुरण होतं, ते पदराला पुसलं.

माजलगाव धरणाचं पाणी फुगलं की बोरवस्तीच्या तीन बाजूंना पाणी असतं आणि चौथ्या बाजूला चिखल. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पल्याड. आधी बंकटचा तराफा होता. थर्माकोलचे ठोकळे, त्यावर बांबू, त्यावर माणसं. मागच्या पावसाळ्यात तो मधोमध कलंडला. बाकीचे निघाले. दगडाबाईची सून निघाली नाही. त्यानंतर कागद हलले, साहेब आले आणि या उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारी बोट आली. पांढरी, आवाज नाही की धूर नाही. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडवर सोलर बसवलं होतं, बॅटरी त्याच्यावर चार्ज व्हायची.

पण बोट दिलेली नव्हती. चाचणीला ठेवलेली होती. पावसाळा नीट पार पडला तर राहणार, नाहीतर जिथं जास्त गरज आहे तिथं जाणार. आता बोरवस्तीपेक्षा जास्त गरज कुणाला, हे त्या साहेबांनाच ठाऊक.

धक्क्यावर माणसं जमली होती. बोट नेहमीच्या जागी होती, बैलाच्या जुन्या दाव्यानं बाभळीला बांधलेली. कंपनीचा नायलॉनचा दोर हातातून सटकतो म्हणून अंगदच्या आईनं, छबुबाईनं, घरातलं दावं दिलं होतं.

अंगद बोट चालवायचा. तिशीतला, कमी बोलणारा गडी. आत्ता तो बॅटरीच्या पेटीत वाकून गमछ्यानं काहीतरी पुसत होता.

"काय पुसतोस रे?"

"दव हाय, काकू."

झाकण लावलेल्या पेटीत दव कसं उतरेल, हे त्याला विचारावं असं बाईंच्या मनात आलं, पण त्या आधी कुलपाकडे वळल्या. कुलूप धड होतं. कडी वाकलेली नव्हती. म्हणजे चावीनं उघडलेलं.

"चाव्या किती?"

"दोन."

"एक तुझ्या करगोट्याला दिसतीय. दुसरी?"

अंगदनं पाण्याकडे बघितलं. "पडली पाण्यात. लई दिवस झाले."

"मला न्हाई सांगितलंस ते?"

"राहिलं."

"काल संध्याकाळी पेटी कुणी लावली?"

"मीच. शेवटची फेरी करून बांधली. मग पाराकडं गेलतो, आजच्या मिरवणुकीचं तोरण बांधाया. सकाळी आलो तर ही अशी."

"मग मला फोन साखरीनं का केला? तू कावून केला न्हाईस?"

अंगदनं गमछ्याची घडी घालून ती काखेत दाबली. मळकी बाजू आत.

बाई पेटीत वाकल्या. अख्खी बोट चिखलानं बरबटलेली, पेटी मात्र आतून धुतल्यासारखी. कोपऱ्यात हाताच्या बोटाचा एक पिवळट ठसा राहिला होता. गंज असेल. कसलातरी वासही होता, ओळखीचा. पण त्या दिवशी अख्खी बोरवस्ती तुपाच्या आणि पुरणाच्या वासानं भरलेली. नाकाला कुठं कुठं दोष द्यायचा?

बॅटरी एकट्यानं उचलण्यासारखी नव्हती. धक्क्यावरच्या चिखलात पावलं होती, पण काल संध्याकाळी इथंच सगळ्यांनी बैल धुतलेले. खुरांनी आणि पायांनी सगळं कालवून टाकलं होतं.

थोड्या वेळानं पल्याडून तराफा येताना दिसला. बोट बंद पडताच तराफा पुन्हा पाण्यात. तराफा रेटायची लांब लग्गी बंकटच्या हातात. मध्ये बिभीषण जमादार दोन्ही हातांनी बांबू धरून, डोळे मिटून बसलेले. आणि त्यांच्यामागे बोटीच्या कंपनीची इंजिनियर सुकन्या मॅडम, छातीशी बॅग आवळून. पोळ्याला आपल्या गावी निघाली होती बिचारी, वाटेतून परत फिरली.

"पाटीलबाई," जमादार काठावर पाय टेकताच म्हणाले, "चोर सापडो न सापडो, मी परत या फळकुटावर बसणार न्हाई."

"मग हितंच राहा, साहेब. दुसरा रस्ता न्हाई. म्हणून तर बोलावलं तुमाला."

सुकन्यानं पेटी पाहिली आणि ती मटकन बोटीच्या काठावर बसली.

"परवा मुंबईहून पाहणी आहे, काकू. बॅटरी नसेल तर बोट उचलतील. पल्याडच्या अमरसिंहदादांनी त्यांच्या रिसॉर्टसाठी आधीच मागून ठेवली आहे."

"नवी बॅटरी न्हाई येत?"

"येते. पण चोरीला गेली असं झालं तर कोण देईल? पुढच्या वर्षी हायड्रोजनच्या बोटींचं चाललंय. त्यात तुमचं नाव घालते, तोवर—"

"बाई, यंदाचा पावसाळा पुढच्या वर्षी येणार न्हाई."

सुकन्या ओशाळली. मग हळूच म्हणाली, "एक सांगते, ती कुणी पाण्यात टाकली असेल किंवा भिजवली असेल तर हात लावू नका. भिजलेली बॅटरी तासन्‌तास गप्प बसते आणि मग एकदम पेटते. आणि तो धूर फार वाईट."

हे सगळ्यांनी ऐकलं. बंकटनंही ऐकलं. त्यानं हातातली लग्गी या हातातून त्या हातात घेतली.

जमादारांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "इकडं ये बे. बोट आली आणि तुझा तराफा बसला. बरोबर?"

"बरोबर."

"राग आला असंल."

"कुणाला न्हाई येणार?"

"काल सांजच्याला कुठं होतास?"

"हितंच. बैल धूत होतो."

"हाताला पिवळं काय?"

बंकटनं दोन्ही तळवे पुढे केले. "खांदेमळणीची हळद हाय, साहेब. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळली. तुमच्या घरी न्हाई चोळत?"

"आमच्या घरी बैल कुठाय? मोटारसायकल हाय."

माणसं हसली. आजूबाजूच्या सगळ्यांचेच हात पिवळे होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बोरवस्तीत त्या संध्याकाळी पिवळा हात नसलेला माणूस शोधावा लागतो.

"बंकट," विजयमालाबाईंनी विचारलं, "तू बैल धूत असताना बोटीकडं कोण आलतं?"

"ध्यान न्हाई, वैनी."

"बोट तुझ्यापासून चार हातांवर आणि ध्यान न्हाई?"

"माझं ध्यान बैलाकडं होतं."

बंकट खोटं बोलायला कच्चा होता. तो खोटं बोलताना नेहमी मान खाजवतो, आणि आता त्यानं मान इतकी खाजवली की सदऱ्याच्या कॉलरमधलं भुसकट खाली पडलं.

दुसऱ्या चावीचं काही बाईंच्या गळी उतरत नव्हतं. त्या अंगदच्या घरी गेल्या.

छबुबाई अंगणात बसली होती. सत्तरी गाठलेली, पाठीत वाकलेली, जिभेनं अजून ताठ. आज मात्र ती आल्या आल्या टोमणा मारायचं विसरली.

"ये माले. चहा टाकू?"

"नको आत्या. अंगदची दुसरी चावी घरात हाय का बघाया आले."

"मला म्हातारीला काय ठावं चाव्याबिव्यांचं?" छबुबाईनं पिवळे तळवे पदराखाली घेतले. "पोराला धरणार हायेत का गं?"

"जमादार तसंच म्हणतेत. कुलूप तोडलेलं न्हाई, चावी त्याच्याकडंच."

"आज दिवसभर थांबा म्हणावं. ऊन लई चांगलं पडलंय."

उन्हाचा इथं काय संबंध, बाईंना कळेना. म्हातारीचं डोकं जाग्यावर नसेल, पोरावर आळ आला म्हणून.

अंगणापलीकडे गोठा होता. छबुबाईचा हरण्या बैल उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. त्याचा जोडीदार एकटा झुरत राहील म्हणून विकला. त्यानंतरचा हा पहिला पोळा. तरी गोठ्यात शेणसडा घातलेला होता, दाराला झेंडूचं तोरण होतं आणि गव्हाण काठोकाठ भुसकटानं भरलेली. वर हरण्याची झूल, गाठ मारून ठेवलेली. खुंट्याला काहीच नाही.

विजयमालाबाईंनी पदरानं डोळे पुसले. जनावर नसताना त्याचं ताट वाढून ठेवणारी ही बाई. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. निमूट परत फिरल्या. पुढं त्यांना याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आला, की समोर वाढून ठेवलेलं दिसत होतं आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी ते बघितलं नाही.

धक्क्यावर जमादारांनी निर्णय घेतला होता. "चल अंगद. ठाण्यात बसून आठवलं की सांग."

"चला," अंगद म्हणाला.

"चोरली का न्हाई एवढं तरी बोल की!" साखराबाई कळवळली.

"काय बोलू? माझ्या ताब्यात होती. गेली. चोरली असं लिवा."

विजयमालाबाई चमकल्या. चोरी न केलेला माणूस चिडतो, शपथा घेतो, रडतो. चोरी केलेला माणूस त्याहून जास्त. हा मात्र कुणीतरी मागितलेली वस्तू काढून द्यावी तसा आपला गुन्हा काढून देत होता. कुणासाठी?

तेवढ्यात साखराबाईनं त्यांच्या हाताला हात घातला. साखरीच्या घरी दोन बैल. तिचा हात पिवळाजर्द. विजयमालाबाईंचा हात कोरा. नुसतं पुरण लागलेलं. त्यांच्याकडे बैल नाहीत, खांदेमळणी नाही, हळद नाही.

त्या आपल्या हाताकडे बघतच राहिल्या.

"जमादार, याला सोडा," त्या म्हणाल्या. "आणि सगळे पळा. छबुआत्याच्या गोठ्याकडं!"

पाटीलबाईंना पळताना बोरवस्तीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मागून सुकन्या, अंगद, बंकट, आणि सगळ्यांच्या मागून टोपी सावरत जमादार.

छबुबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "आत न्हाई कुणी यायचं. निजलंय ते."

"आत्या," विजयमालाबाईंनी धापा टाकत तिचे दोन्ही तळवे हातात घेऊन उलटे केले. "ही हळद कशाची?"

"खांदेमळणीची."

"कुणाचे खांदे मळलेस? दावणीला बैल न्हाई तुझ्या."

म्हातारीनं तळवे सोडवून घेतले.

"मी सांगते," विजयमालाबाई म्हणाल्या. "दुसरी चावी पाण्यात पडलीच न्हाई. ती घरात होती. काल अंगद पाराकडं गेला आणि तू ऊन पाणी, तूप, हळद घेऊन धक्क्यावर गेलीस. पेटी उघडलीस. अंगद वायरी काढतो तसं बघून तू त्या काढल्यास. पेटी आतून धुतलेली होती ती म्हणून. सकाळी अंगदनं झाकण उघडलं, त्याला तुपाचा वास आला आणि सगळं कळलं. त्यानं हळद गमछ्यानं पुसली आणि चोरी सोतावर घेतली. काय अंगद? काढ तो गमछा."

अंगदनं गमछा काढला. आतली बाजू पिवळी होती.

"आई," तो एवढंच म्हणाला.

"अरे, हरण्या वाहायचा तेवढंच त्यानं वाहिलं!" छबुबाई फुटली. "पोरी शाळंत नेल्या, बाळंतिणी नेल्या, दूध नेलं. एक दिवस सुट्टी न्हाई. वायरी लागतेत तिथं चटका बसतो म्हणायचास ना तू? मला वाटलं तेच खांदे असतेल. मग चोळाया नको व्हय? ऊन पाणी घातलं, तूप-हळद लावली, उद्या जेवाया ये म्हणलं. तर चर्र झालं. हिरवा दिवा गेला. मी मारलं गं त्याला, माले."

सुकन्यानं तोंडावर हात धरला. हसू दाबायला नव्हे.

"पण म्हातारीनं एकटीनं उचललं कसं?" जमादारांनी विचारलं.

"एकटीनं न्हाई. शेजारी बैल धुणारा होता की," विजयमालाबाई बंकटकडे वळल्या. "सकाळी तुझ्या मानेवरनं भुसकट पडलं. मला वाटलं घरचं असंल. दोघांनी झुलीत बांधून, बांबूवर टांगून इथं आणलं. पण भुसकटात का?"

बंकट मान खाजवायला गेला आणि थांबला. "मोबाईल भिजला की तांदळात ठेवतेत, वैनी. एवढे तांदूळ कुठनं आणू? भुसकट पाणी वढतंय. वाटलं, उन्हानं दुपारपातूर वाळंल, दिवा लागंल, कुणाला कळायच्या आत परत बसवू."

"तुझा तर धंदा बुडाला होता या बोटीनं!" जमादार म्हणाले.

"धंदा?" बंकटचा आवाज एकदम चढला. "दगडाबाईची सून माझ्या हातातनं निसटली, जमादार. तिची बांगडी माझ्या मुठीत राहिली. लोकाला वाटतंय मला बोटीचा राग हाय. ही बोट आली त्या दिवशी मी सरपण म्हणून लग्गी फोडाया काढलती. आज सकाळी ती परत हातात घ्यावी लागली, तवा काय झालं मला ते—"

"गप्प!" सुकन्या ओरडली. "ऐका."

गव्हाणीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. झुलीखालून पांढरा धूर निघाला.

पुढचं सगळं इतक्या घाईत झालं की नंतर प्रत्येकानं ते वेगळं सांगितलं. अंगदनं आईला ओढलं. बंकटनं तुळईवरचा कासरा घेऊन झुलीच्या गाठीत अडकवला आणि दोघांनी मिळून ते बोचकं गव्हाणीतून ओढलं, अंगणातून ओढलं, रिकाम्या वावरात नेऊन सोडलं. ते मागे पळतात न पळतात तोच भडका झाला. झूल गेली, तिच्यावरचे आरसे तडतडले. आत काहीतरी फुटत होतं, एकामागून एक.

बायका घागरी घेऊन धावल्या.

"जवळ नका जाऊ!" सुकन्यानं हात पसरून त्यांना अडवलं. "घागरींनी नाही विझत हे. जळून जाऊ द्यावं लागेल. धुरात कुणी जाऊ नका."

समोर अख्खं धरण भरलेलं. आणि बोरवस्ती भरल्या घागरी घेऊन नुसती उभी. पाराकडे मिरवणुकीचा हलगीवाला वाजवायचा थांबला. दावणीचे सजवलेले बैल नाकपुड्या फुगवून त्या धुराकडे बघत राहिले.

आग बसल्यावर जमादारांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "पाटीलबाई, चोरी तर झाली न्हाई. मोडतोड म्हणावी तर मनात पाप न्हाई. मी कलम कोणतं लावू? बैलाला आवतन दिल्याचं?"

"काही लावू नका."

"पण वरती सांगावं लागंल काय झालं ते."

ते खरं होतं. विजयमालाबाईंनी सुकन्याकडे पाहिलं. चोरी म्हटलं तर अंगद नाहीतर बंकट आत जाणार. खरं सांगितलं तर साहेब म्हणणार, ही माणसं बॅटरीला तूप चोळतात, यांना बोट द्यायची कशी. उलगडा करून त्यांच्या हातात काय आलं होतं? चोर सापडला नाही, बोट गेली, आणि एक म्हातारी अंगणात बसून आपले पिवळे हात राखेनं घासत होती.

"मी खरंच सांगेन, काकू," सुकन्या म्हणाली. "त्यातून जेवढं चांगलं मांडता येईल तेवढं मांडेन. पेटीवर 'उघडू नये' लिहिलं होतं, ते पण इंग्रजीत. ते पण सांगेन. पण ऐकतील असं वाटत नाही."

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

चार दिवसांनी पल्याड ट्रेलर येऊन उभा राहिला. बोट न्यायची कशी? तिच्यात जीव नाही. शेवटी बंकटच्या तराफ्याला बांधून ती ओढत न्यायची ठरली. पांढरीशुभ्र बोट थर्माकोलच्या मागे निमूट निघायला सज्ज झाली. अंगद बाभळीचं दावं सोडून बोटीत टाकणार, इतक्यात छबुबाई वाकत वाकत आली आणि तिनं ते त्याच्या हातातून घेतलं.

"जनावर दिलं तरी दावं देत न्हाईत," ती म्हणाली.

सुकन्या पल्याड उभी होती. तिला ते ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पोरी दप्तरं डोक्यावर घेऊन धक्क्यावर आल्या. रात्री वर पाऊस झालेला, पाणी गढूळ, ओढ धरलेलं. बंकट लग्गी घेऊन उभा होता, पण तराफा सोडत नव्हता. विजयमालाबाई त्याला काही सांगायला आल्या होत्या. काय सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं.

छबुबाई तराफ्यावर बसली होती. हरण्याचं दावं ती कडेला उभ्या ठोकलेल्या बांबूंना ओवत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कंबरेच्या उंचीला. प्रत्येक गाठ दातांनी आवळत होती.

"धराया काहीतरी असू दे पोरींना," ती वर न बघता म्हणाली.

शेवटची गाठ मारून झाल्यावर तिनं दाव्यावरून एकदा हात फिरवला आणि ती उतरली. पोरी चढल्या. सगळ्यांनी दावं धरलं. बंकटनं लग्गी पाण्यात रोवली.

विजयमालाबाई पल्याड पोरींची डोकी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग संध्याकाळी पोरी परत येईपर्यंत काय करायचं, ते त्यांना कळेना.